बरोबर मास्तर आणि आठाची वायर

…तर मास्तरांनी ब्लेड काढलं. काल गोष्ट इथवर आली आणि नेमका चहा आला, मग जे विषय निघाले ते निघाले. ब्लेड साधंच, पेन्सिलीला टोक करायचं, बोट कापू नये म्हणून एका बाजूला चिकटपट्टी लावलेलं. टेबलावर सुनेचा कॉम्प्युटर आडवा पाडलेला, त्याचं एका अंगाचं झाकण काढलेलं, आत वायरींचा गुंता. त्या गुंत्यातली एक वायर मास्तरांनी डाव्या हाताच्या चिमटीत अशी धरलेली, जशी काही सोडली तर पळून जाईल. मास्तरीणबाई खाली पडदे शिवत होत्या. शिवणयंत्राचा आवाज वरपर्यंत येत होता, म्हणजे त्यांचं इकडे लक्ष नव्हतं.

पण ब्लेड का काढलं, हे नुसतं ब्लेडकडे बघून कळायचं नाही. त्याला आधी मास्तर माहीत हवेत.

मास्तरांचं खरं नाव शाळेच्या दप्तरात होतं आणि तिथेच राहिलं. बाहेर सगळे त्यांना बरोबर मास्तर म्हणत. ते शाळेत गणित शिकवायचे. फळ्यावर ‘सहा अधिक दोन’ लिहून झालं की त्या दोन आडव्या रेघा मारताना ते असं काही ठासून ‘बरोब्बर’ म्हणायचे, की खडूचा तुकडा पडायचा. मग आठ लिहायचे. मग वर्गाकडे वळून विचारायचे, “बरोबर?” आणि सगळा वर्ग ओरडायचा, “बरोबर!” एका बेरजेत तीनदा बरोबर. निवृत्त झाले तेव्हा फळा सुटला, खडू सुटला, बरोबर काही सुटलं नाही. दूधवाल्याला बरोबर, पोस्टमनला बरोबर. एकदा दाढ काढून घेतली, तोंडात कापसाचा बोळा, तरी डॉक्टरला विचारलंच, “बओबअ?” डॉक्टर बिचारा घाबरला. ट्रेमधली दाढ उचलून त्याने पुन्हा पाहिली, आपण भलतीच तर नाही ना काढली.

आणि दुसरं म्हणजे ताळा. बेरीज झाली की वजाबाकी करून पाहायची, भागाकार झाला की गुणाकार. उत्तर चुकलं तर मास्तर एक वेळ ऐकून घेत, ताळा नसला तर ऐकत नसत. घराला कुलूप लावलं की थोडं पुढे जाऊन ते परत यायचे आणि कुलूप उघडून बघायचे. किल्लीने उघडलं, म्हणजे मघाशी लागलेलं होतं, हा ताळा. मग पुन्हा लावायचे. मग त्या लावण्याचा ताळा. या पायी त्यांच्या किती गाड्या चुकल्या याचा हिशेब मात्र त्यांनी कधी मांडला नाही. लग्न ठरत होतं तेव्हा मास्तरीणबाईंनी धीर करून विचारलं होतं, “तुम्हाला राग फार येतो का हो?” मास्तर म्हणाले, “येतो. पण ताळा करून येतो.” त्या म्हणतात, तेवढ्या एका वाक्यावर मी होकार दिला, पुढे कळलं की तो विनोद नव्हता.

ताळा जुळेना म्हणून मधलाच एखादा आकडा कुणी खोडला, रबराने पुसून उत्तर जमवून आणलं, आणि ते सापडलं, तर मग त्या पोराचं काही खरं नसे. “गणित चुकलं तर तू चुकलास,” मास्तर म्हणायचे, “पण आकडा खोडलास तर तू लबाड झालास. चुकलेल्याला मी शिकवीन. लबाडाला काय शिकवू, त्याला सगळं येतंच.”

त्यांना चीड होती ती प्रश्नाला प्रश्न करण्याची. एकदा पुढच्या बाकावरच्या एका पोराला त्यांनी विचारलं, “सहा अधिक दोन किती?” पोरगं उभं राहिलं, विचार केला आणि म्हणालं, “कशाचे?” वर्ग फिस्सकन हसला. मास्तर नाही हसले. “कशाचे म्हणजे? सहाला काय आईबाप असतात? सहा म्हणजे सहा!” आणि तास संपेपर्यंत त्याला दाराबाहेर उभं केलं. हेच पोरगं पुढे बेरजेत हातचा धरायला विसरायचं, म्हणून त्याचं नाव पडलं हातचा. आता त्याला टक्कल पडलंय, पोट सुटलंय, कॉम्प्युटरचं स्वतःचं दुकान आहे, पण नाव हातचाच. दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय. ते कुणी वाचत नाही.

आता सुनेकडे येऊ. मुलगा कामानिमित्त सदा बाहेरगावी, त्यामुळे घरात मास्तर, मास्तरीणबाई आणि सून. सून चित्रं करायची. कागदावरची नव्हेत. फर्निचरचा एक मोठा कारखाना आहे, त्यांच्यासाठी. कपाट अजून झाडातच असतं, तेव्हा ही ते पडद्यावर उभं करायची. दार उघडायची, खण ओढायची, आत दिवासुद्धा लावायची. आधी या कामाला तिला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. सकाळी निघायची, संध्याकाळी यायची ती पिळून काढल्यासारखी. मग वरच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला आणि काम घरी आलं. तेव्हापासून दुपारच्या चहाला दोघांऐवजी तिघं बसू लागली. आणि मास्तरांना भांडायला माणूस मिळालं. कारण मास्तरांनी “बरोबर?” म्हटलं की सगळं जग “बरोबर” म्हणायचं, ही एकटी म्हणायची, “बघू.”

मास्तर शेजाऱ्यांना सांगत, “फार आवाज करतो हो तिचा तो सीपीयू.” पण चहाला तिला उशीर झाला, की जिन्याखाली जाऊन खोकायचे तेच.

हा सीपीयू लक्षात ठेवा. पडद्याला मॉनिटर म्हणायचं, बटणांच्या पाटीला कीबोर्ड आणि जमिनीवरच्या त्या उभ्या डब्याला सीपीयू, हे घरात ठरलेलं. घरात कशाला, सगळीकडेच. खरा सीपीयू म्हणजे आतली चपटी चौकोनी चकती, पंख्याखाली दडून बसलेली, हे सुनेला ठाऊक होतं. पण तीही “आई, सीपीयूवर कपडे नका ना ठेवू” असंच म्हणायची. सवय.

तर झालं काय, कारखान्याच्या मालकाच्या डोक्यात आलं की एक-एक कपाट नको, आता अख्खं दालन दाखवा. माणूस दारातून शिरतोय, फिरतोय, कपाटं उघडून बघतोय, असं. तेही सोमवारी. सुनेच्या डब्याने ते काम पाहिलं आणि डोळे फिरवले. चित्र दोन पावलं चालायचं आणि खांबासारखं उभं राहायचं. मालक म्हणाला, “घरी जमत नसेल तर राहू द्या. आमच्याकडे मोठं मशीन आहे. तुम्ही पुन्हा इथे येऊन बसत जा, पहिल्यासारखं. रोज.”

सुनेने हे चहा पिताना सांगितलं. कपात साखर घातलेली असताना मास्तरांनी पुन्हा घातली आणि तसाच प्यायले.

त्यावर उपाय एकच होता, डब्यात नवं, दणकट ग्राफिक्स कार्ड घालायचं. सुनेने हातच्याला फोन लावला, डब्याचं झाकण काढलं, भिंतीतली पिन उपटून ठेवली आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“ताई, कार्ड आहे माझ्याकडे,” हातचा म्हणाला. “पण ते खादाड आहे. बोर्डातून मिळते तेवढी वीज त्याला पुरत नाही. पॉवर सप्लायमधून वेगळी वायर द्यावी लागते. तुमच्या पॉवर सप्लायवर वॅट किती लिहिलेत?”

“साडेसातशे,” मास्तर म्हणाले. ते चष्मा लावून केव्हाचे खाली वाकलेलेच होते.

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हातचा उभा राहिला असणार. “मास्तर आहेत होय! नमस्कार मास्तर. साडेसातशे म्हणजे भरपूर. आता फक्त वायर बघायची. ती सहा… ती आठाची लागते. आठाची असली की झालं.”

“आठाची म्हणजे आठ भोकांची?”

“हो मास्तर.”

“सुटी? कशात न खोचलेली?”

“हो मास्तर.”

तेवढ्यात सुनेला कारखान्यातून दुसरा फोन आला. ती गच्चीकडे जाता जाता म्हणाली, “बाबा, तेवढं तुम्ही मोजता का?”

मोजता का! हे म्हणजे माशाला विचारायचं, पोहता का. मास्तरांनी बाह्या सारल्या. पॉवर सप्लायच्या मागे प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली एक जुडी होती. ती सोडवली. पहिल्याच वायरीचं तोंड त्यांनी मोजलं. सहा. शेजारी, त्याच वायरीला, दोन भोकांचा एक तुकडा वेगळाच लोंबत होता. मास्तरांनी नाक मुरडलं. “सहाची. त्यात तुटकी. म्हणूनच मागे दडवलीय लेकांनी.” ती त्यांनी पुन्हा जुडीत खुपसली.

मग दुसरी निघाली. ही मात्र अखंड. वर चार, खाली चार, सगळं कसं एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेसारखं. डावीकडून मोजली, आठ. उजवीकडून मोजली, आठ. ताळा जुळला. अंगावर बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती भिंगाखाली धरली. सी, पी, यू. मास्तरांना बरं वाटलं. सीपीयूत लावायची वायर, आणि तिच्यावर सीपीयू लिहिलेलं. काम करावं तर असं.

“आहे,” त्यांनी गच्चीकडे तोंड करून सांगितलं.

“नक्की ना बाबा? मी एकदा बघू का?”

“मोजलंय मी.”

त्या घरात मास्तरांनी मोजलेलं पुन्हा मोजायची पद्धत नव्हती. सुनेने हातच्याला कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हातचा स्वतः कार्ड घेऊन आला. मास्तरांच्या घरी तो दुसऱ्या कुणाला पाठवत नसे आणि ‘बस’ म्हटल्याशिवाय बसत नसे. पायपुसण्यावर उभा राहूनच म्हणाला, “बसेल ना मास्तर?”

“आठ म्हणजे आठ,” मास्तर म्हणाले.

“हो मास्तर,” म्हणाला आणि गेला. पण ते ‘बसेल ना’ मास्तरांच्या डोक्यात डासासारखं फिरत राहिलं. आपल्या मोजण्याला हा, हा हातचा, ‘ना’ लावतो!

सून कारखान्यात मापं घ्यायला निघाली होती. दारात चप्पल घालताना म्हणाली, “आल्यावर मी लावते कार्ड. तोवर कुणी हात लावू नका.” ‘कुणी’ म्हणताना ती मास्तरांकडे बघत होती.

जेवण झालं. मास्तर आडवे झाले. मग उठले. मग नुसतं बघायला म्हणून वर गेले.

कार्ड काही त्यांनी घाईने नाही लावलं, उगाच खोटं कशाला बोला. सून धूळ काढायला डबा उघडायची तेव्हा अंगातली वीज उतरावी म्हणून आधी पत्र्याला हात लावायची, तसा यांनीही लावला. बोर्डावरच्या लांब खाचेत कार्ड नीट धरून दाबलं, कट्‌ असा आवाज आला, स्क्रू पिळला. आता राहिली वायर. कार्डाच्या डोक्यावर तिच्यासाठी तोंड होतं. मोजलं, आठ. वायर मोजली, आठ. लावली. जाईना. उलटी करून लावली. तरी जाईना.

भिंगातून पाहिलं, तर काही भोकं चौकोनी आणि काहींचे कोपरे कापलेले. कार्डाच्या तोंडातही तसंच, पण जागा वेगळ्या. इथे चौकोनी, तर तिथे कोपरे कापलेलं. मास्तरांनी बराच विचार केला. आठ बरोबर आठ, यात तर काही चूक निघत नव्हती. म्हणजे चूक प्लास्टिकची होती. कारखान्यात कुणाची तरी डुलकी लागली असणार.

आणि मग, आपण सुरुवात केली तिथे, मास्तरांनी ब्लेड काढलं.

पेन्सिलीला टोक करावं तसे त्यांनी ते कोपरे तासले. थोडं तासायचं, फुंकर मारायची, लावून बघायचं. शेवटी अंगठ्याने रेटल्यावर वायर आत गेली. तिची खिट्टी काही धड अडकेना, म्हणून मास्तर खाली गेले आणि शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. यंत्र थांबलं.

“अहो, दोरा कशाला?”

“वायरीला.”

“कुठल्या?”

“आठाच्या.”

“ती म्हणाली होती ना, कुणी हात लावू नका.”

“कुणी म्हणाली होती. मी काय कुणी आहे का?”

“ते कळेल संध्याकाळी,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

दोऱ्याची गाठ पक्की बसली. मास्तरांनी भिंतीत पिन खोचली, खटका खाली केला आणि डब्याच्या बटणावर बोट ठेवलं. नुसतं दाबायचं राहिलं होतं. सून येईल, पडदा उजळलेला असेल, माणूस दालनात झरझर फिरत असेल, आणि आपण काहीच न बोलता खाली जाऊन बसायचं, इथवर त्यांचं ठरलं होतं.

पण ताळा राहिला होता.

सवय ती सवय. बोट बटणावर तसंच ठेवून मास्तर उत्तराकडून गणिताकडे निघाले. ही वायर इथे बरोबर असेल, तर हिच्यासारखी दुसरी कुठे लावलेली असेल तिथेही असंच दिसायला हवं. टॉर्च घेऊन त्यांनी डब्यात शोधलं. पंख्याच्या वरच्या कोपऱ्यात तशीच एक वायर बोर्डात खोचलेली होती. तिलाही आठ, तिच्यावरही सी, पी, यू. पण तिथे ना कोपरे तासलेले, ना दोरा. खिट्टी कशी घट्ट, अंगठ्याने ढकलली तरी हलेना. आणि इकडे? टेबलावर काळा किस पडला होता. अगदी पाटीवरचा आकडा पुसल्यावर पडावा तसा नव्हे, रबराने खोडल्यावर पडतो ना, तसा. तस्साच.

मास्तर त्या किसाकडे बघत राहिले.

चूक काय ते त्यांना कळलं नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. आठ आणि आठ अजूनही त्यांच्या हिशेबी सारखेच होते. त्यांना एवढंच दिसलं, की उत्तर जमत नव्हतं आणि आपण आकडा खोडून जमवलं. त्यांनी बटणावरचं बोट काढलं, खटका वर केला, पिन उपटली, दोरा सोडला आणि ती वायर ओढून काढली. किस कागदावर गोळा केला. मग खाली येऊन तो कागद समोर ठेवून बसले. मास्तरीणबाईंनी यंत्रावरून एकदा पाहिलं. त्या माणसाला एवढं गप्प त्यांनी निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

सून आली. चप्पल काढता काढताच थबकली. “बाबा, हे काय?”

“किस.”

“कशाचा?”

“आठाच्या वायरीचा. बसत नव्हती. मी तासली.”

सुनेचा चेहरा कागदासारखा झाला. “चालू केलंत?”

“नाही.”

“बटण दाबलंत का, बाबा? खरं सांगा.”

“बोट ठेवलं होतं. दाबलं नाही.”

“का नाही दाबलंत?”

“ताळा जुळेना.” मास्तरांनी घसा खाकरला. “सूनबाई, मी… मोजलं बरोबर होतं. पण ते… चूक होतं.”

शिवणयंत्र थांबलं. या घरात ‘मी’ आणि ‘चूक’ एका दमात पहिल्यांदाच आले होते, त्यामुळे मास्तरीणबाईंना वाटलं, काहीतरी फुटलं.

सून जिन्याच्या पायरीवरच बसली आणि तिने हातच्याला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, “ताई, चार-चारचे आठ, की सहा-दोनचे आठ?”

“आठ म्हणजे आठ!” मास्तर सवयीने म्हणाले आणि त्यांची नजर किसावर गेली.

“मास्तर, आठाची दोन प्रकारची येते. एक चार आणि चार, ती प्रोसेसरची. एक सहा आणि दोन, ती कार्डाची. दिसायला सख्ख्या बहिणी, पण स्वभाव उलटे. एकीच्या खिट्टीच्या अंगाला पिवळ्या वायरी, दुसरीच्या काळ्या. एकीच्या जागी दुसरी बसवली तर वीज भलत्याच दारातून घुसते. कार्ड जातं, बोर्डही जाऊ शकतो. म्हणून तर भोकांचे आकार वेगळे करतात, चुकून जाऊ नये म्हणून. आणि वर लिहिलेलं पण असतं की, सीपीयू.”

“सीपीयू लिहिलं होतं म्हणूनच तर लावली!”

“अहो मास्तर, सीपीयू म्हणजे तो आतला. पंख्याखालचा.”

“मग हा डबा कोण?”

हातच्याने विचार केला. “डबा.”

“तू काय म्हणतोस त्याला दुकानात?”

“…सीपीयू.”

“बरं. आणि काल तू नुसतं आठाची म्हणालास. सहा-दोनची का नाही म्हणालास?”

फोनमध्ये पुन्हा खुर्ची सरकली. मग आवाज आला तो पार पुढच्या बाकावरून आल्यासारखा. “म्हणणार होतो, मास्तर. सहा म्हणालोही होतो. पण तुम्ही ऐकत होतात. तुमच्यासमोर सहा अधिक दोन म्हणायचं आणि उत्तर द्यायचं नाही, हे काही मला जमलं नाही. म्हणून बेरीज करून सांगितली.”

बेरीज चुकलेली नव्हती.

“आता ती सहा-दोनची वायर आणायची कुठून?” सून म्हणाली. “उद्याचा एक रविवार, परवा दाखवायचंय.”

“दुसऱ्याची वायर नका हं लावू ताई, ज्या पॉवर सप्लायची त्यालाच. तुमच्यात असायला पाहिजे खरं म्हणजे. साडेसातशेच्यात असतेच.”

“नाहीये ना. बाबांनी सगळ्या मोजल्यात.”

मास्तर हळूच म्हणाले, “सहाची एक आहे.”

सून वळली.

“पण तुटकी आहे. शेजारी दोनाचा तुकडा लोंबतोय.”

मग सून जिना चढली, तिच्यामागे मास्तर, त्यांच्यामागे हातात कात्री तशीच घेऊन मास्तरीणबाई. सुनेने जुडीतून ती वायर काढली. सहाचं तोंड आणि दोनाचा तुकडा बाजूबाजूला धरले. त्यांना कडेला एवढीशी खाच होती, त्या खाचेतून ते एकमेकांत सरकले. दोन्ही मिळून एक तोंड झालं.

“तुटलेलं नाहीये बाबा. असंच असतं. कुठे सहा लागतात, कुठे आठ, म्हणून सुटं ठेवतात.”

मास्तरांनी मोजलं. डावीकडून आठ, उजवीकडून आठ. उभं आयुष्य ज्यांनी सहात दोन मिळवायला शिकवलं, त्यांच्या हातात सहा आणि दोन शेजारी शेजारी लोंबत होते आणि मिळवायचे तेवढे राहिले होते.

सुनेने टॉर्च मारून कार्डाचं तोंड तपासलं, आत किस राहिलाय का, पिन वाकलीय का. फुंकर मारली. मग वायर लावली. ती तर जणू घरी आल्यासारखी आत शिरली, टक्‌. खिट्टी अडकली. दोऱ्याला काही काम उरलं नाही. पिन खोचली, खटका खाली केला आणि ती म्हणाली, “बाबा, दाबा.”

“तू दाब.”

“तुमचं बोट मघापासून तयारच आहे. दाबा.”

पंखे फिरले. पडदा उजळला. रविवारभर वरून त्या डब्याचा आवाज येत राहिला आणि मास्तरांनी तो फार आहे असं कुणालाही सांगितलं नाही. सोमवारी पडद्यावरचा माणूस दालनात शिरला, फिरला, कपाटं उघडली, कुठेही अडखळला नाही. मालक म्हणाला, “जमतंय की घरी. मग घरूनच करा.” दुपारी चहाला तिघं होती. मास्तरांनी साखर एकदाच घातली.

ती तासलेली वायर पॉवर सप्लायला जोडलेलीच असते, काढून टाकता येत नाही. मास्तरांनी तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर लाल शाईने फुली मारली आणि वायर मागे नीट दुमडून ठेवली. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यापासून ते दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ही हकिकत स्वतःच सांगितली, फळ्यावर गणित सोडवावं तशी, पायरी पायरीने. कुणी मध्ये हसलं तर थांबायचे, हसू संपलं की पुढे सुरू.

कार्ड कसं चाललंय ते बघायला एक दिवस हातचा आला. पायपुसण्यावर उभा राहिला. मास्तर म्हणाले, “बस.” तो बसला. चहा झाला. सुनेने त्याला ती लाल फुलीची वायर दाखवली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, तासलेल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग कप खाली ठेवला, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, “मास्तर, एक विचारू? जुनंच आहे.”

“विचार.”

“रागावणार नाही ना?”

“ताळा करून रागावेन. विचार.”

हातचा उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. “सहा अधिक दोन किती?”

मास्तरीणबाईंचा कप हवेतच राहिला. सुनेने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मास्तरांनी एकदा हातच्याकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले:

“कशाचे?”